तपासणीच्या दिवशीची गोळी

मी फाटक्या तोंडाची बाई आहे. हे मला नवऱ्याने सांगितलं आहे, सासूने सांगितलं आहे, आणि शिंगरवाडीच्या आरोग्य केंद्राचा चार्ज देताना माझ्या आधीच्या सिस्टरने कौतुकानेही सांगितलं होतं, "सिंधु, इथं तुझ्यासारखीच पाहिजे." त्याला अकरा वर्षं झाली. निलंग्यापासून अठरा किलोमीटरवर आमचं केंद्र, आजूबाजूच्या नऊ गावांना एकच. गुरुवार हा बीपी-शुगरचा वार. त्या दिवशी चाळीस-पंचेचाळीस माणसं येतात, निम्मी साडेसहाच्या एसटीने, उरलेली ॲटोत कोंबून. डॉक्टर एक, बीपीचं मशीन एक आणि मी एक. अशा ठिकाणी गोड बोलून काम होत नाही, असं मला वाटायचं.

डोंगरवाडीच्या साखराबाई पहिल्यांदा आल्या त्या उन्हाळ्याच्या तोंडावर. सदुसष्ट वर्षांच्या, काटक, अजून शेतात जाणाऱ्या. घरी मुलगा बसवराज, सून शिल्पा, आठ एकर रान आणि चार जनावरं. ही बाई गावात कशासाठी ओळखली जाते ते मला फार उशिरा कळलं. डोंगरवाडीत बांधावरून भांडण झालं की दोन्हीकडचे लोक साक्षीला हिलाच बोलवायचे, कारण साखरामाय पोटच्या पोरासाठीसुद्धा खोटं बोलणार नाही, अशी तिची ख्याती. एकदा तिने पंचांसमोर स्वतःच्या दिराविरुद्ध साक्ष दिली होती, आणि दीर सहा वर्षं तिच्याशी बोलला नव्हता.

मला मात्र ती रजिस्टरमधली एक ओळ होती. पहिल्या महिन्यात बीपी एकशे साठ, खालचा शहाण्णव. आमचे डॉक्टर हरिओम सर तिशीतले, अभ्यासू, कमी बोलणारे. त्यांनी एक गोळी सुरू केली, सकाळी जेवल्यावर. पुढच्या महिन्यात एकशे अडुसष्ट. दुसरी गोळी वाढवली. तिसऱ्या महिन्यात एकशे चौऱ्याहत्तर. सरांनी लातूरहून तिच्या हृदयाची सोनोग्राफी करून आणायला लावली. त्यात निघालं की बीपीशी झुंजून झुंजून हृदयाची भिंत जाड झाली आहे. म्हणजे आता हयगय चालणार नव्हती. सरांनी तिसरी गोळी लिहिली आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "सिस्टर, या गोळ्या घेतात का नक्की? जरा बघा."

मला एवढं पुरेसं होतं. चौथ्या महिन्यात ती समोर बसली, मी पट्टा बांधला, आकडा आला एकशे शहात्तर आणि माझं तोंड सुटलं.

"मावशी, गोळ्या चुलीत टाकता का गोठ्यात?"

"घेते की बाई. रोज घेते."

"खोटं बोलू नका. मशीन खोटं बोलत नसतं, माणूस बोलतं. फुकट मिळतंय म्हणून किंमत नाही तुम्हाला."

मागे बेचाळीस माणसं बाकड्यावर आणि भिंतीला टेकून बसलेली. त्यातली बरीच हसली. लायनीत बसलेल्याला दुसऱ्याला बोललेलं बरं वाटतं, तेवढा आपला नंबर टळतो. साखराबाईंनी हात पट्ट्यातून काढून घेतला आणि पदर सारखा केला.

"म्या खोटं बोलत न्हाई," ती म्हणाली. "आन् बाई, मला गरगरायलंय. सकाळी गोळ्या घेतल्या की दोन तास उठाया येईना. डोळ्यापुढं अंधारी येती."

"बीपी एवढं वर असल्यावर गरगरणारच. गोळ्या नीट घ्या, थांबेल."

तेवढ्यावर मी थांबले नाही. दुपारी बसवराजला फोन लावला आणि सांगितलं की तुमची आई गोळ्या चुकवते आणि वर बहाणे करते, आता तुम्हीच उभं राहून तिच्या तोंडात घाला. तो भला माणूस, घाबरून हो हो म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून शिल्पा रोज सकाळी भाकरी झाली की पाण्याचा तांब्या घेऊन सासूपुढे उभी राहायला लागली. म्हातारीने घरात दोन-तीनदा सांगून बघितलं की गरगरतंय. बसवराज म्हणाला, "आई, सिस्टर म्हणल्यात तू बहाणे करतीस." त्यानंतर तिने सांगणं सोडलं. हे सगळं मला शिल्पाने पुढे सांगितलं, आणि सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

अकराव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास साखराबाई वैरणीची पेंढी घेऊन गोठ्याकडे निघाली आणि हौदाजवळ कोसळली. खुब्याचं हाड मोडलं. गाडी करून तिला लातूरला नेलं.

मला ही बातमी आमच्या आशा कार्यकर्तीने, दिपालीने सांगितली. आणि मी काय म्हणाले? "बघ, गोळ्या चुकवल्या की असं होतं." दिपाली ते विसरली असेल, मला विसरता येत नाही.

चौथ्या दिवशी गौसियाचा फोन आला. गौसिया आणि मी नांदेडला एकाच बॅचला नर्सिंग शिकलो, एकाच खोलीत तीन वर्षं काढली. ती आता लातूरच्या एका हाडांच्या दवाखान्यात वॉर्ड सांभाळते. मी जेवढी बोलते तेवढी ती ऐकते, म्हणून आमचं जमलं.

"सिंधु, डोंगरवाडीची एक आजी हाय माझ्याकडं. कार्डावर तुझी सही हाय."

"साखराबाई. गोळ्या घेत नव्हती ती."

"कोण म्हणलं?" गौसियाने विचारलं. "ऑपरेशनच्या आधी तुझ्या कार्डाप्रमाणं तिन्ही गोळ्या मी हातानं दिल्या, सकाळी आठ वाजता. अकराला बीपी किती असंल? नव्वद, खालचा छप्पन्न. आमचे सर घाबरले, आतून रक्त जायलंय का म्हणून सगळं तपासलं. काही न्हाई. दोन गोळ्या बंद केल्या. आता एका गोळीवर एकशे तीस हाय, तीन दिवस झाले. तीन गोळ्यांची बाईच न्हाई ही."

मी म्हणाले, असं कसं होईल, दर महिन्याला माझ्यासमोर एकशे सत्तरच्या वर असायचं.

"मी पण तेच इचारलं आजीला," गौसिया म्हणाली. "तिनं काय सांगितलं ऐक. म्हणली, रोज घेते, फकस्त तपासणीच्या दिवशी घेत न्हाई. त्या दिवशी घ्यायची नसती. आमच्या सिस्टरनं पाटी लावलीया."

फोन कानाला लावूनच मी खोलीतून बाहेर आले. व्हरांड्यात, नंबर लावायच्या खिडकीशेजारी, पाटी होती. पांढरा पुठ्ठा, निळी शाई, माझं अक्षर. नर्सिंगला असताना माझ्या अक्षराला बक्षीस मिळालं होतं. "गुरुवारी तपासणीला येताना उपाशी पोटी यावे. चहासुद्धा घेऊ नये."

ही सूचना शुगरच्या पेशंटसाठी होती. पण कोण शुगरचं, कोण बीपीचं, कोण दोन्हीचं, हे दर गुरुवारी बेचाळीस माणसांना समजावत कोण बसणार? म्हणून सगळ्यांना एकच पाटी. आणि आमच्या भागात लहान पोरालाही ठाऊक असतं की उपाशी पोटी गोळी घ्यायची नसते, पोटात आग पडते. गोळीच्या पाकिटावर मीच तर लिहून द्यायचे, 'जेवल्यावर'. मग ज्या दिवशी जेवायचं नाही, त्या दिवशी गोळी कशी घ्यायची? म्हातारीने माझे दोन्ही हुकूम तंतोतंत पाळले होते.

म्हणजे महिन्यातले एकोणतीस दिवस तिचं बीपी खाली, आणि तिसाव्या दिवशी ते मोजायला माझ्यापुढे. पहाटे उठून, चहाविना, गोळीविना, एसटीत उभ्याने धक्के खाऊन, तासभर लायनीत बसून, वर माझी धास्ती. शिकवताना आम्हाला घोकून घेतलेलं असतं, की पेशंटला पाच मिनिटं शांत बसवा, पाठ टेकू द्या, पाय जमिनीला, पट्टा बांधल्यावर त्याच्याशी बोलू नका. मी पट्टा बांधतानाच भांडायला सुरुवात करायचे. त्या आकड्यावर सर गोळी वाढवायचे, आणि ती गोळी मी दुसऱ्या दिवसापासून घरी, सुनेच्या हातून, तिच्या तोंडात घालायला लावली.

मी खुर्चीवर बसले. मला लाज वाटली. लाज हा शब्द लहान आहे, पण दुसरा सापडत नाही.

हरिओम सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि एवढंच म्हणाले, "येत्या गुरुवारी सगळ्यांना विचारा." मी विचारलं. एकेकाला, न ओरडता, "आज सकाळची गोळी घेतली का?" एक्केचाळीस जणांपैकी तेहतीस नाही म्हणाले. काही तर मोठ्या अभिमानाने. किशनराव म्हणून एक पेन्शनर मास्तर येतात, छातीत दोन स्टेंट बसवलेले. ते म्हणाले, "नाही घेतली, सिस्टर. तपासायचं हाय ना आज? गोळी घिऊन आल्यावर खरं बीपी कसं कळंल?" शिकलेला माणूस, आणि हृदयाची गोळी घरी ठेवून आला होता. मी काही बोलले नाही. हे माझ्या अकरा वर्षांत पहिल्यांदा घडलं.

पाटी फाडली. नवी लावली. शुगरवाल्यांना वेगळा वार दिला, बीपीवाल्यांना भाकर खाऊन, गोळी घेऊन यायला सांगितलं. आतल्या खोलीत पाठ टेकायला दोन खुर्च्या ठेवल्या. तीन आठवडे सर एकेकाच्या गोळ्या पुन्हा बघत होते. नऊ जणांच्या कमी झाल्या. काम सुरळीत झालं. हे सगळं का झालं ते मात्र मी कुणाला सांगितलं नाही. चूक दुरुस्त झाली की सरकारी कामात भागतं, चूक कुणाची हे कुणी विचारत नाही, आणि मीही आपणहून कशाला सांगायला जाते.

साखराबाई ऑपरेशन होऊन घरी आली हे दिपालीकडून कळलं. रविवारी मी डोंगरवाडीला गेले. ती बाजेवर बसली होती, बाजूला वॉकर. अंगाने निम्मी झाली होती. मी मशीन काढलं, पण लगेच पट्टा बांधला नाही. पाच मिनिटं बसले. ती माझ्याकडे बघत होती, हिला आज झालं काय, अशा नजरेने. मग मोजलं. एकशे सव्वीस, अठ्ठ्याहत्तर. एका गोळीवर.

शिल्पाने चहा ठेवला. बसवराज रानातून आला होता, उंबऱ्यात बसला. मी चहा हातात घेतला आणि म्हणाले, "मावशी, चूक माझी होती. पाटी मी चुकीची लावली. तुम्ही गोळ्या घेत होता. गरगरतंय म्हणालात ते पण खरं होतं, गोळ्या जास्त होत्या. मला माफ करा."

शिल्पा जागच्या जागी उभी राहिली. बसवराजने खाली मान घातली. मला वाटलं, म्हातारी रडेल. म्हातारी माणसं रडतात, आपण हात धरायचा, आणि झालं. पण ही रडणाऱ्यातली नव्हती.

"लायनीत बोलली होतीस तू," ती म्हणाली. "बेचाळीस माणसांत. त्यातली अकरा आमच्या गावची. आन् माफी हितं मागायलीस, घरात, दार लावून?"

दार उघडंच होतं, पण मला कळलं.

"हाड मोडलं त्येचं काय न्हाई," ती पुढे म्हणाली. "हाड म्हातारपणात मोडतंच. पर माझा शबूद गेला बाई. मागल्या आठवड्यात पाटलाच्या आन् शिवमच्या घरात बांधावरनं वाजलं. कुनीबी मला इचाराया आलं न्हाई. दहा पावलावर ऱ्हातेत."

परत येताना स्कूटीवर मी सगळा वेळ कारणं शोधत होते. लायनीत सांगितलं तर लोक उद्यापासून माझं ऐकणार नाहीत. गोळ्यांवरचा विश्वास उडेल. सरांचं नाव खराब होईल. चांगली कारणं होती सगळी. खरं कारण एकच होतं, की मला ते जमणार नव्हतं. दुसऱ्याची अब्रू काढायला तोंड चालतं, स्वतःची झाकायला मात्र दार लावून घ्यावं लागतं.

गुरुवारी नंबर सुरू करायच्या आधी मी व्हरांड्यात उभी राहिले.

"ऐका," मी म्हणाले. "डोंगरवाडीच्या साखराबाईंना मी इथं सगळ्यांसमोर खोटं बोलता असं म्हणाले होते. त्या खरं बोलत होत्या. रोज गोळी घ्यायच्या. इथं येताना घेत नव्हत्या, कारण तशी पाटी मी लावली होती. त्यांनी गरगरतंय म्हणून सांगितलं, ते मी ऐकलं नाही. त्या पडल्या, त्याला मी कारण आहे."

कुणी हसलं नाही. एका बाईने शेजारणीला काहीतरी विचारलं, तिने तिला गप्प केलं. किशनराव मास्तर म्हणाले, "चुका माणसाकडूनच व्हतेत, सिस्टर," पण ते कुणाला पटलेलं दिसलं नाही, मलाही नाही. डोंगरवाडीची एक म्हातारी खाली बघत पुटपुटली, "म्हंजी साखरामाय खरंच बोलायली व्हती." मग मी पहिला नंबर आत घेतला. हलकं वगैरे काही वाटलं नाही. दिवसभर लोक माझ्याशी जपून बोलत होते, आजारी माणसाशी बोलावं तसे.

दुपारी सर म्हणाले, "सिस्टर, गोळ्या मी वाढवल्या होत्या. ते पण सांगायला हवं होतं तुम्ही."

"तुम्ही सांगा," मी म्हणाले. "तुम्हाला तोंड आहे." त्यांनी पुढच्या गुरुवारी खरंच सांगितलं, पण तो त्यांचा भाग.

संध्याकाळी सहाला घरून मी शिल्पाच्या मोबाईलवर फोन लावला. म्हातारीनेच घेतला, शिल्पा धारा काढत होती.

"मावशी, आज सांगितलं मी. लायनीत."

"कळालं. दुपारच्या गाडीनंच आलं हितं."

मला वाटलं आता ठेवेल.

"बाई, आता म्या काय सांगितलं तर ऐकशील?"

"ऐकेन."

"मग ऐक. काल सांजंपासनं आपरेशनचा पाय जड पडलाय. पोटरी टरटर फुगलीया. हात लावू देईना."

"दुसरा पाय?"

"त्यो बरा हाय."

"दम लागतोय? छातीत दुखतंय?"

"न्हाई."

"घरात कुणाला सांगितलं?"

"न्हाई."

का, हे मी विचारलं नाही. महिन्याभरापूर्वीची मी असते तर म्हणाले असते, ऑपरेशन झाल्यावर सूज येतेच, पाय उशीवर ठेवा, उतरेल. पण एकच पाय, पोटरी, आणि बाजेवर पडून असलेलं माणूस, हे ऐकल्यावर मनात एकच शंका आली. शिरेत रक्ताची गाठ धरली असली आणि ती सरकून फुप्फुसात गेली तर माणूस हातचं जातं. गाठच होती, ते दुसऱ्या दिवशी लातूरला सोनोग्राफीत दिसलं, आणि वेळेत दिसली म्हणून औषधांवर भागलं. पण त्या क्षणी माझ्या हातात ना सोनोग्राफी होती ना मशीन. म्हातारीचा शब्द होता.

"मावशी, उठू नका. पाय हलवू नका. शिल्पाला हाक मारा."

शिल्पा धापा टाकत फोनवर आली. मी विचारलं, पायाला काही लावते का. "रोज जेवणं झाल्यावर तेल लावून चोळते की, सिस्टर. काल तेवढं राहिलं, आज जास्त चोळावं म्हणलं."

"आज चोळायचं नाही. हात लावायचा नाही. मी एकशे आठची गाडी बोलावते, लातूरला न्यायचं. गौसिया सिस्टरला मी कळवते."

"पर आत्याबाई तर काईच बोलल्या न्हाईत आमाला."

"आत्ता बोलल्या," मी म्हणाले. "तू पाय बघ, आणि बसवराजला बोलव."

फोन चालूच ठेवून मी नवऱ्याच्या मोबाईलवरून एकशे आठ लावला. डोंगरवाडीचा रस्ता, वय, ऑपरेशनची तारीख सांगत होते तेव्हा दुसऱ्या कानाला शिल्पाचा आवाज येत होता, "आत्याबाई, कवापासनं दुखायलंय? आजून कुटं कुटं दुखतंय? समदं सांगा मला." आणि म्हातारी सांगायला लागली.